मास्टरस्ट्रोक, थाळनेरचा किल्लेदार आणि आमच्या कपाशीचा भाव

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेला महिनाभर आपल्या पेपरात पहिल्या पानावर "मास्टरस्ट्रोक" हा शब्द किती वेळा येतो ते मी मोजत होतो, दुकानात गिऱ्हाईक नसलं की असले उद्योग सुचतात, नऊ झाल्यावर मोजणं सोडलं. करार झाला तर मास्टरस्ट्रोक, करार फिसकटला तरी मास्टरस्ट्रोक, मंत्री परदेशात गेले तर आहेच आणि नाही गेले तर ते न जाणं पण मास्टरस्ट्रोक. संध्याकाळी टीव्हीवर तेच आणि रात्री गावातली पोरं व्हॉट्सॲपवर तेच ढकलतात. माझं म्हणणं असं की देशाची मोठी चाल अशी एका दिवसात, एका माणसाच्या डोक्यातून निघत नाही, तिला वर्षं लागतात, त्यात खजिना असतो, वकिली म्हणजे परराज्याशी बोलणी असते, फौज असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिची पावती बऱ्याचदा भलत्याच माणसाच्या नावाने फाटते. हे छापायला जागा लागेल म्हणून पत्र लांबलंय, कापायचं तर खालून कापू नका, वरून कापा.

माझं धरणगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे, खतं बी-बियाणं औषधं. 2022 च्या खरिपाला, तिकडे रशिया-युक्रेनची लढाई पेटलेली असताना, डीएपी खताची गोणी 1200 ची 1350 झाली आणि तीही पाहिजे तेव्हा मिळेना. एक म्हातारे बाबा, कायमचे गिऱ्हाईक, पायरीवर बसून तंबाखू मळत म्हणाले, "लढाई तठे चालू शे, मंग खत आठे का बरं नही?" मी आपलं सांगितलं की बाबा पोटॅश रशिया-बेलारूसकडून येतं, युरियाला गॅस लागतो, चीनने आदल्या वर्षापासूनच खत बाहेर पाठवायला आखडतं घेतलंय. बाबांनी ऐकून घेतलं, मग विचारलं की हे सगळं तुला माहीत होतं तर मग गोण्या आधी का नाही भरून ठेवल्या. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण संपादक साहेब, आख्ख्या ग्रँड स्ट्रॅटेजीचा, म्हणजे देशाच्या लांब पल्ल्याच्या चालीचा, सवाल बाबांनी तंबाखू मळता मळता विचारून टाकला ना.

तेव्हापासून मी या विषयाचं जमेल तसं वाचायला लागलो आणि वाचता वाचता आपल्याच खानदेशात येऊन धडकलो. 1861 साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण अशी यादवी सुरू झाली. दक्षिणवाल्यांकडे कापूस, आणि तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी पाचात चार हिस्से अमेरिकेतूनच जायचा. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांनी हिशोब केला की आपण कापूस अडवून धरला की लँकशायरच्या गिरण्या बंद, मजूर रस्त्यावर, आणि मग इंग्लंड झक मारत आपल्या बाजूने उतरेल. कापूस हाच राजा असं ते उघड म्हणायचे. म्हणून गंमत बघा, उत्तरेची नाकेबंदी नीट बसायच्या आधी यांनी स्वतःच आपला माल गोदामात दाबून ठेवला! आपल्याकडे भाव वाढेल म्हणून दिवाळीनंतर कापूस घरात भरून ठेवणारे असतात, तसंच, फक्त इथे आख्ख्या देशाने तो जुगार खेळला. पण इंग्लंडकडे आधीच्या दोन हंगामांचा भरपूर साठा पडलेला होता, लगेच काही त्यांचा जीव गेला नाही. आणि साठा संपून 1862 मध्ये मजुरांचे खरोखर हाल सुरू झाले तोवर दुसरीकडून गाठी यायला लागल्या होत्या, इजिप्तमधून आणि आपल्याकडून. वऱ्हाड, गुजरात, खानदेश.

आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यांच्या यंत्रावर तुटायचा, तिकडचे मजूर हिंदुस्थानच्या सगळ्याच कापसाला "सुरत" म्हणायचे आणि तो शब्द चक्क शिवी झाला होता. देवा कापूस दे पण सुरत देऊ नको अशी प्रार्थना कुणी चर्चमध्ये केली अशी गोष्टसुद्धा सांगतात. नावं ठेवत ठेवत घेतला मात्र. आता उत्तरवाल्यांनी काय केलं ते बघा, कारण मास्टरस्ट्रोकवाल्यांनी शिकायचं ते इथे आहे. त्यांनी समुद्रावर नाकेबंदी घातली, हे झालं युद्ध. 1861 च्या नोव्हेंबरात त्यांच्या एका कप्तानाने इंग्रजी बोट अडवून दक्षिणेचे दोन वकील, म्हणजे राजदूत, उतरवून घेतले, इंग्लंड खवळलं, फौजा कॅनडाकडे निघाल्या, तर लिंकनने मुकाट्याने ते दोन्ही वकील सोडून दिले. आज असं कुणी केलं असतं तर आपल्या चॅनलवाल्यांनी त्याला नाक घासलं म्हणून आठवडाभर सोलला असता. पण एका वेळी दोन लढाया झेपत नाहीत हे त्या माणसाला कळत होतं. आणि 1 जानेवारी 1863 ला बंडखोर मुलखातल्या गुलामांना मुक्त केल्याचा जाहीरनामा लागू केला, हे झालं धोरण. त्यानंतर गुलामगिरीसाठी लढणाऱ्यांच्या बाजूने इंग्लंडला उघडपणे उभं राहणं फार अवघड झालं, मँचेस्टरच्या मजुरांनी तर उपाशीपोटी असताना लिंकनला पाठिंब्याचं पत्र लिहिलं होतं. लढाई, वकिली आणि धोरण, तिन्ही बैल एकाच जुवाला. दक्षिणेकडे सेनापती चांगले होते, शूर होते, पण बाकी सगळी भिस्त एका पिकावर. एकाच पिकावर भिस्त ठेवल्यावर काय होतं ते आम्हा खानदेशवाल्यांना कुणी सांगायची गरज नाही.

पण माझं दुखणं पुढचं आहे. त्या तीन-चार वर्षांत इकडे कापसाचे भाव कुठल्या कुठे गेले. जळगावची कापूसपेठ त्याच काळात भरभराटीला आली, जिकडे तिकडे पैसा, शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या अशा गोष्टी अजून सांगतात, खऱ्या किती कोण जाणे पण सांगतात. मुंबईत शेअरचा धुमाकूळ, कापूस आणि शेअरवाल्या प्रेमचंद रायचंदांचं नाव सगळ्यांच्या तोंडी, समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या. आणि 1865 च्या एप्रिलमध्ये तिकडे दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, आणि इकडे भाव कोसळले, मुंबईतल्या कंपन्या पत्त्यासारख्या गेल्या, जळगावच्या पेठेचं दिवाळं निघायची वेळ आली. चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून उचल घेतलेल्या शेतकऱ्याला ज्याच्याशी आपलं काही देणं-घेणं नाही अशा एका लढाईने आधी वर चढवलं आणि मग खाली आपटलं. दहा वर्षांनी, 1875 मध्ये, पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जाळायला लोक उठले त्याच्या कारणांत हे एक कारण अभ्यासक मोजतात. ली कोण, लिंकन कोण, आमच्या पणजोबाला काय माहीत. पावती मात्र पणजोबाच्या नावाने फाटली.

दुसरी गोष्ट याहून जवळची, आणि ती वाचली तेव्हा मी दुकान बंद करून मोटारसायकलवर थाळनेरला जाऊन आलो. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर, एके काळी खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी, त्यांच्या कबरी अजून आहेत. किल्ला म्हणाल तर आता फारसा उरला नाही, नदीच्या बाजूला ढासळलेल्या भिंती, बाभळी, दोन शेळ्या आणि क्रिकेट खेळणारी पोरं, ज्यांना मी विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं की तुम्ही पुरातत्त्ववाले का. तर 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली आणि 6 जानेवारी 1818 ला मंदसौरला तह झाला. गादीवर मल्हारराव, लहान पोर. त्या तहात सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख, म्हणजे आपल्याकडचाही, कागदावर इंग्रजांचा झाला. मग इंग्रजांचा जनरल हिस्लॉप सेंधव्याचा घाट उतरून तो मुलूख ताब्यात घ्यायला आला आणि 27 फेब्रुवारीला थाळनेरसमोर उभा राहिला. किल्लेदार होता तुळशीराम, आत शिबंदी, म्हणजे पगारी फौज, अरबांची. किल्ल्यावरून गोळीबार झाला, मग इंग्रजांच्या तोफा चालल्या, दरवाजे एकेक उघडत गेले आणि शेवटच्या दरवाजाशी बोलणी चालू असताना कुणाची भाषा कुणाला कळेना, त्या गोंधळात दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि मग आतल्या सुमारे 300 लोकांची कत्तल झाली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिलं. कारण काय, तर तह झालेला असताना हा लढला म्हणजे हा सैनिक नाही, बंडखोर. पुढे विलायतेत पार्लमेंटमध्येसुद्धा या फाशीवरून प्रश्न निघाले म्हणजे त्यांनाही ते पचलं नव्हतं.

तिथल्या ढिगावर बसून मी विचार करत होतो की या माणसाचं चुकलं काय. महिदपूर हरली दुसऱ्यांनी, तहावर मोहोर लावली तिसऱ्यांनी, आणि लटकवलं तुळशीरामला इथे. इंग्रजांचं मात्र सगळं एका माळेत ओवलेलं. 1802 च्या शेवटच्या दिवशी वसईला बाजीराव दुसऱ्याशी तह करून पेशवा बांधून घेतला, 1803 मध्ये असई आणि अडगावला शिंदे-भोसल्यांना हरवलं, त्याच वर्षी बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेतला आणि तहात शिंद्यांना परत पण दिला, आणि 1818-19 मध्ये उरलंसुरलं गोळा केलं, असीरगडसकट. मधल्या काळात गव्हर्नर जनरल बदलले, लंडनमध्ये कंपनीचे डायरेक्टर खर्चाच्या नावाने ओरडत होते, एकाला तर परत बोलावलं, कधी दोन पावलं मागे पण आले. दिशा सुटली नाही. आपल्याकडे शिंदे लढले तेव्हा होळकर घरी, आणि होळकर उभे राहिले तोवर शिंदे गप्प. तलवार कुणाची कमी नव्हती हो. तलवार कधी काढायची आणि कुणाबरोबर काढायची हे एका ठिकाणी बसून ठरवणारं कुणी उरलं नव्हतं.

असं नाही की आपल्याला हे कधी जमलंच नाही. जुन्या कागदांत "राजकारण" हा शब्द बघा कशासाठी येतो, गुप्त बोलणी, वकिली, आतून संधान बांधणं यासाठी. आता राजकारण म्हणजे कोण कुणाच्या पक्षात गेला एवढंच राहिलं, शब्दाचीही माती झाली. शिवाजी महाराजांनी 1665 ला पुरंदरच्या तहात 23 किल्ले देऊन टाकले, 12 ठेवले. त्या संध्याकाळी चॅनल असते तर काय काय चाललं असतं ते मनात आणून बघा! पाच वर्षांत किल्ले परत यायला लागले. आणि 1677 ला गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी दोस्ती करून, त्याच्याकडून खर्चाची सोय लावून, महाराज पार तामिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यापर्यंत गेले, तेव्हा एवढ्या लांब कशाला असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. बारा वर्षांनी, 1689 ला, रायगड पडायच्या बेतात असताना राजाराम महाराजांना जायला तीच जिंजी होती, आणि मोगलांची मोठी फौज तिच्याभोवती 1698 पर्यंत अडकून पडली. महाराज जाऊन तोवर अठरा वर्षं झाली होती. आता याला कुठल्या दिवशीचा मास्टरस्ट्रोक म्हणायचं?

अलीकडचं म्हणाल तर 1971 चं बांगलादेशचं युद्ध. सगळ्यांना डिसेंबरचे 13 दिवस आणि 93,000 कैदी आठवतात, मला एप्रिल ते नोव्हेंबर जास्त भारी वाटतो. निर्वासितांचे लोंढे चालू, संसदेत आरडाओरडा, आणि लष्करप्रमुख माणेकशॉ म्हणतायत की आत्ता नाही, पावसाळ्यात बंगालच्या नद्या म्हणजे समुद्र, आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की चीनच्या बाजूच्या खिंडी बंद होतील. तोवर ऑगस्टमध्ये रशियाशी करार झाला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिराबाई युरोप-अमेरिका फिरून आपली बाजू मांडून आल्या. कौटिल्याने राजाला सहा मार्ग सांगितलेत, संधी, विग्रह, यान, आसन, संश्रय, द्वैधीभाव, त्यातलं आसन म्हणजे चक्क बसून राहणं, योग्य वेळ येईपर्यंत. आमच्या पोरांना फक्त विग्रह, म्हणजे लढाई, माहीत आहे.

आणि त्याच्याही मागे एक गोष्ट होती जी कुणी सांगत नाही. 1965-66 ला दुष्काळ आणि युद्ध एकत्र आलं आणि अमेरिका गव्हाची बोट महिन्याच्या हिशोबाने सोडायची, आपण काय बोलतो ते बघून. रेशनवर लाल मिलो, म्हणजे तिकडची तांबडी ज्वारी, यायचा, माझी आई सांगायची की आमच्या दादर ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी खाणाऱ्या घरात तो तांबडा मिलो थापताना आजी रडायची, तव्यावर भाकर चिरायची आणि पोरं तोंड वाकडं करायची. 1971 येईपर्यंत पंजाबचा गहू उभा राहिला होता म्हणून जरा ताठ बोलता आलं. आमची वरणगावची काडतुसांची फॅक्टरी पण चीनच्या युद्धानंतरचीच, 1964 ची. म्हणजे लढाईच्या आधी सात-आठ वर्षं कुणीतरी शेतात आणि कारखान्यात ती लढत होतं.

आता आजचं. 2022 ला रशियावर पाश्चात्यांनी निर्बंध घातले तेव्हा आपण रशियाचं स्वस्त तेल घेतलं, खतही घेतलं. मी त्याला चूक म्हणणार नाही, माझ्या दुकानात गोण्या आल्या त्यात तिथलाही वाटा होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्याच तेलाचं कारण सांगून अमेरिकेने आपल्या मालावर आधीच्या 25 टक्के आयातशुल्कावर आणखी 25 टक्के चढवले, झाले 50. कापडवाले अडचणीत आले, त्यांना कच्चा माल स्वस्त पडावा म्हणून सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेर आणि मग वाढवून डिसेंबरअखेर, म्हणजे बरोब्बर आमच्या वेचणीच्या हंगामात. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता आणि खेडा खरेदीचा व्यापारी काटा घेऊन दारात उभा राहून त्याच्या खूप खाली मागायचा, वर पुन्हा ओलावा आहे म्हणायचा. बाबा परत पायरीवर. "आते कापूसना भाव का बरं पडना?"

मी त्यांना सगळी साखळी सांगितली, युक्रेन, तेल, टॅरिफ, गिरण्या, शुल्क. ते म्हणाले म्हणजे तवाची खताची गोणी आता कापसातून वळती करून घेतली का. शंभर टक्के तसं नाही, भावाला जागतिक बाजाराची पण कारणं असतात, पण मला त्यांना खोडून काढता आलं नाही. कापडाच्या मजुरालाही जगायचंय हे मला मान्य आहे, तेल घेतलं ते देशासाठी घेतलं हेही मान्य, 2025 मध्ये दुधासाठी आपण अमेरिकेला दार उघडलं नाही याचं मला कौतुकच आहे. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, की या साखळीतली एकेक कडी त्या त्या दिवशी तुम्ही मास्टरस्ट्रोक म्हणून छापली आणि सगळ्या कड्या जोडून एकदाही छापल्या नाहीत. तेलाची बातमी पहिल्या पानावर, टॅरिफची पहिल्या पानावर, शुल्क काढल्याची आत अर्थविषयक पानावर दोन इंच, आणि जळगाव बाजार समितीचा कापसाचा भाव राशिभविष्याच्या शेजारी.

म्हणून विनंती अशी की येत्या हंगामात एक महिना करून बघा, परराष्ट्राची बातमी पहिल्या पानावर असली की त्याच्याच बाजूला चौकट टाकून खत, कापूस, केळी, डिझेल यांचे त्या दिवशीचे भाव द्या. रावेर-यावलचा केळीवाला आखाती देशांत माल पाठवतो, त्याला तिकडच्या समुद्रात काय चाललंय ते आपल्या पुण्या-मुंबईच्या विश्लेषकांपेक्षा आधी कळतं कारण त्याचा कंटेनर अडकतो. त्यालाही एखादवेळी विचारा.

आपला,
एक जुना वाचक
कृषी सेवा केंद्र चालक, ता. धरणगाव, जि. जळगाव

ता. क. मागे आपल्या पुरवणीत थोरल्या बाजीरावांवर लेख होता, त्यात त्यांची समाधी रावेरला असल्याचं छापून आलं. ती रावेरखेडीला आहे, नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशात, 1740 ला ते तिथे वारले. आपलं रावेर वेगळं. आमच्या गावातली आठ पोरं हार घेऊन क्रूझर भाड्याने करून रावेरला गेली आणि संध्याकाळी केळीचा एक घड घेऊन परत आली. दुरुस्ती छापावी.